राहीचा रंग

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

पाली, जि. कुलाबा
ता. ४ नोव्हेंबर १९५७

ती. दादास, कृष्णीचा सा. न. वि. वि.

काल दिवेलागणीला सुखरूप पोचले. म्हसळ्याच्या पुढे एस.टी. बंद पडली, तेव्हा सोनावहिनीनं बांधून दिलेल्या भाकऱ्या रस्त्याकडेला बसून खाल्ल्या आणि शेजारच्या बाईलाही दिल्या. आज शाळा उघडली. पहिलीतल्या मुली दिवाळीच्या सुट्टीत सगळी अक्षरं घरी ठेवून आल्यात. मास्तरीणबाई पुन्हा ग म भ न पासून लागल्या आहेत.

दादा, आयेसमोर आणि वहिनीसमोर बोलता आलं नाही म्हणून लिहिते. तुझ्या राहीची काळजी वाटते. विहिरीवरून कळशी घेऊन वर येताना ती जांभळीखाली बसते आणि छातीवर हात धरून श्वास घेते. चौदा-पंधरा वर्षांची पोर! त्या वयात आपण डोंगरावरून मोळ्या घेऊन धावत उतरायचो. तिचे ओठ पांढरे पडलेत. ओच्यात कच्चे तांदूळ असतात आणि दिवसभर ते चघळत असते. चुलीमागची भिंत खरवडलेली दिसली तर वहिनी म्हणाली उंदरांनी खाल्ली. उंदरांना बोटं असतात का रे?

होळीला ती शहाणी झाली तेव्हापासून वहिनीनं तिची अंडी, सुकट, तीळ सगळं उष्ण म्हणून बंद केलंय. चांगला नवरा मिळावा म्हणून सोमवार, आणि आये सांगते म्हणून गुरुवार. उरलेल्या दिवशी सगळे उठल्यावर टोपाच्या तळाशी असेल ते. वाढत्या अंगाला हे कसं पुरणार? तिला तुझ्याबरोबर जेवायला बसव. नाचणीची भाकरी दे, शेवग्याचा पाला परसात वाऱ्यावर उडतोय तो दे, अंडं दे.

नणंद शहाणपण शिकवते असं वहिनीला वाटेल. वाटू दे. आयेच्या पायांवर माझं डोकं, आणि धाकट्या केसरला सांग की तिचा गहाळ झालेला दात उंदराला मिळाला असेल तर त्यानं मला पत्रानं कळवावं.

तुझी
कृष्णी

॥ श्री ॥

वरची वाडी, पो. बोर्ली पंचतन
ता. २१ नोव्हेंबर १९५७

गं. भा. कृष्णीस रामचंद्राचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. माझे डोळे हल्ली बारीक अक्षराला नकार देतात, म्हणून राहीलाच वाचायला बसवली. तिनं चांगलं खणखणीत वाचलं, पण भिंतीच्या मातीचं आलं तिथं खोकली आणि एकदम केसरच्या दातावर जाऊन पोचली. मला संशय आला. मग केसरकडून अडखळत अडखळत सगळं वाचून घेतलं. आमच्याकडे तुझ्या पत्राची पोथी झाली म्हण.

तुझी वहिनी रागावली नाही, हसली. तिचं म्हणणं, त्या वयात तीसुद्धा माहेरी चुलीची माती खायची, तिलाही दम लागायचा, लग्न झालं की सगळं जागेवर येतं. आयेचं मत तर तुला ठाऊकच. शहाण्या पोरीला अंडं दिलं की अंगात आग पेटते, असं ती सगळ्या वाडीला सांगत असते.

आता आनंदाची बातमी. दिवेआगरच्या बाजूचे अंबाजी आपल्या अनंतासाठी राहीला बघून गेले. मुलगा मुंबईला कारखान्यात आहे, निर्व्यसनी आहे. राहीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला तर अंबाजीची बायको बघतच राहिली. पोरगी काय गोरी हो, शेतातली वाटतच नाही, असं तिनं जाईपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. तुझी वहिनी तेव्हापासून जमिनीवर नाही. पोरीचा रंग जपायचा म्हणून तिला उन्हात पाठवत नाही. वैशाखात उरकू म्हणतोय. तू तेवढं आडवं बोलू नकोस.

भात झोडून झालं. पेंढा रचतोय. तुझी प्रकृती जप, थंडीत पहाटेची न्हात जाऊ नकोस.

तुझा भाऊ
रामचंद्र

॥ श्री ॥

वरची वाडी
ता. ९ डिसेंबर १९५७

ती. आत्येस राहीचा शि. सा. न.

हे पत्र आईला सांगून लिहिते आहे. तू मातीचं लिहिलंस ते खरं आहे. मी मनाशी ठरवते की उद्यापासून नाही, पण चुलीवर पाणी सांडलं आणि ओल्या मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. जेवणाला काही तशी चव लागत नाही.

बोर्लीची शाळा सुटली. सातवी झाली म्हणून नाही, तर परत येताना चढावर माझ्या कानात समुद्र वाजायला लागतो आणि डोळ्यांपुढे काजवे येतात. एकदा दप्तर घेऊन तिथंच झोपले. आईनं मग जाऊ दिलं नाही. मला शाळा आवडायची. आमच्या बाईंनी मला भूगोलाचा नकाशा फळ्यावर काढायला सांगितला होता.

आत्ये, तू आईवर रागावू नकोस. ती मला उपाशी ठेवत नाही. आधी बाबा जेवतात, मग आजी, मग केसर आणि मी. आई शेवटी बसते. ती बसली की टोप खरवडल्याचा आवाज येतो. मी विचारलं तर म्हणते, खरपूस मला आवडतं.

दिवेआगरचे पाहुणे आले होते ते बाबांनी कळवलंच असेल. मी दाराच्या फटीतून बघितलं. त्यांचे कान मोठे आहेत. केसर म्हणते पावसात छत्री लागायची नाही. तू हसू नकोस.

माघात पालीच्या जत्रेला येणार आहोत. तेव्हा तुझ्याजवळ झोपेन.

तुझी लाडकी
राही

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

पाली
ता. ३० जानेवारी १९५८

ती. दादास, कृष्णीचा सा. न.

जत्रेची माणसं पांगली. तू, वहिनी आणि केसर पुढं गेलात आणि राहीला माझ्याकडे ठेवलीत, ते बरं झालं. तिला इथल्या डॉक्टरांकडे नेलं. तुला न विचारता नेलं, त्याबद्दल काय रागवायचं ते रागव.

डॉक्टर वयस्क आहेत, गोड बोलून काही लपवत नाहीत. त्यांनी तिची खालची पापणी बोटानं ओढली आणि मला जवळ बोलावून बघायला लावलं. दादा, आत लाली असायला हवी तिथं भिजवलेल्या पोह्यासारखा रंग होता. नखं पाहिली, छाती तपासली. मी म्हटलं की सासरच्यांना पोरगी गोरी म्हणून पसंत आहे. तेव्हा त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, ही गोरी नाही, हिच्या अंगात रक्त नाही. शेतात अनवाणी चालून पोटात जंत होतात, ते रक्त पितात. त्यात वाढीचं वय, दर महिन्याचं जाणं आणि ताटात नुसता भात. मग रक्त होणार कुठून? माती खावीशी वाटते तीही त्याचीच खूण, पोरीची खोड नव्हे.

जंताचं औषध इथंच दिलं. लोहाच्या गोळ्या तिच्यासोबत पाठवल्या आहेत, त्या जेवणावर घ्यायच्या. आणि त्यांनी एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगितली. हिचं लग्न निदान दोन वर्षं करू नका. अशा अंगानं बाळंतपण आलं तर त्यात काय होईल ते कुणी सांगू शकणार नाही.

दादा, मी विधवा बाई. शुभकार्यात मोडता घालते असं आपली माणसं म्हणतील हे मला कळतं. तरीही हात जोडून सांगते, थांब.

वहिनी या खेपेला फार दमलेली वाटली. देवळाच्या पायरीवर बराच वेळ बसून होती. प्रवासामुळे असेल. तिला माझा नमस्कार.

उत्तराची वाट पाहणारी
कृष्णी

॥ श्री ॥

वरची वाडी
ता. १४ मार्च १९५८

गं. भा. कृष्णीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. आता ठरलं आहे.

तुझ्या गोळ्या सुरू केल्या आणि पोरीला परसाकडे काळं व्हायला लागलं. आयेनं आरडाओरडा केला की पोरीची आतडी जळली. वहिनी घाबरली आणि तिनं पुडी उकिरड्यात पुरली. मीही काही बोललो नाही. लग्नाचं म्हणशील तर मी मनात म्हटलं, डॉक्टर सगळ्यांनाच भिववतात.

मग शिमग्यात पालखी दारात आली. राही नवं लुगडं नेसून ओवाळायला उभी राहिली आणि ताटासकट खाली गेली. ढोल थांबले. मी तिला उचलून पडवीत नेलं. कृष्णे, माझ्या हातांना तिचं वजनच लागलं नाही. भाताचा भारा याच्या दुप्पट असतो. लोक म्हणाले वारं आलं, अंगात आलं. मी तिची पापणी ओढून बघितली.

दुसऱ्या दिवशी दिवेआगरला चालत गेलो आणि अंबाजीला सांगितलं की दोन वर्षं थांबावं लागेल. माणूस भला आहे, पण त्याला घरात सून हवी आहे. अनंताचं दुसरीकडे बघतो म्हणाला. सुपारी परत आली.

तुझी वहिनी माझ्याशी बोलेना. चूल पेटवायची, वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. मग एका दुपारी मी पाटावर बसलो तर माझ्या शेजारी दुसरा पाट मांडलेला. तिनं राहीला हाताला धरून आणली, बसवली आणि तिच्या भाकरीवर उकडलेलं अंडं ठेवलं. आये पडवीतून बडबडत होती. वहिनीनं तिला एवढंच सांगितलं की पोर माझी आहे.

गोळ्या पुन्हा पाठव. आणि काळं कशानं होतं तेवढं वहिनीला तुझ्या अक्षरात लिही, म्हणजे तिच्या मनातली भीती जाईल.

तुझा
दादा

॥ श्री ॥

पाली
ता. २४ मार्च १९५८

सौ. सोनावहिनीस कृष्णीचा नमस्कार.

राही, हे आईला मोठ्यानं वाचून दाखव, आणि खोकू नकोस.

वहिनी, गोळ्या पाठवते आहे. त्या लोहाच्या आहेत. अंगाला लागेल तेवढं लोह अंग घेतं, उरलेलं बाहेर टाकतं, ते काळं दिसतं. आतडी जळत नाहीत. विळा गंजला तर पाणी रंगतं ना, तसंच समज.

दादानं तुझ्या दुसऱ्या पाटाचं लिहिलं. वाचून मी वर्गात रडले आणि मुलींना सांगितलं की खडूची पूड डोळ्यात गेली. आयेच्या तोंडावर बोलायची माझी अजून छाती होत नाही, आणि तू बोललीस. हातचं स्थळ गेलं याचं दुःख मला कळतं.

आता एक विचारते. माघात तुझा चेहरा मला बरा वाटला नव्हता. तू काय जेवतेस? दोन गोळ्या तूही घेत जा, मी जास्तीच्या पाठवल्या आहेत. याचं उत्तर राहीनं लिहावं आणि खरं लिहावं.

तुझ्या मायेची
कृष्णी

॥ श्री ॥

वरची वाडी
ता. १९ जून १९५८

ती. आत्येस राहीचा शि. सा. न.

तुझं मेमधलं पत्र मिळालं. आंबे पाठवता आले नाहीत, यंदा वादळानं बरेच पाडले.

आत्ये, मी कळशी घेऊन न थांबता वर येते! परवा केसरशी शर्यत लावली आणि जिंकले. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. कानातला समुद्र गेला. माती खाल्ली नाही. खरं सांगायचं तर एकदा चाखली, पण ती मातीसारखीच लागली. सखूमावशी, आमच्या शेजारची, म्हणाली की राहीच्या ओठांना पान खाल्ल्यासारखा रंग आलाय. ऊन लागून मी सावळी झाले. आईला त्याचं काही वाटत नाही. ती माझी हनुवटी धरून उजेडाकडे फिरवते आणि बघत राहते.

आई काय जेवते ते तू पुन्हा विचारलंस, त्याचं उत्तर आईनं सांगितलं ते लिहिते. तिनं लिही म्हटलंय की ती पोटभर जेवते आणि तुझ्या दादाच्या घरात तिला कसलीच कमी नाही. जास्तीच्या गोळ्या ती मलाच देते, म्हणते लवकर अंग भरू दे.

आईला दिवस गेलेत. माघातच गेले होते म्हणे, पण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सुकटीचा वास सहन होत नाही, अंडं बघवत नाही. म्हणून तिच्या वाटणीचं ती माझ्या ताटात टाकते. पायांना सूज येते. तरी पेरणीला येते. काल वाफ्यात वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही. मी हाक मारली तर म्हणाली, चिखल गार लागतोय.

गणपतीनंतर तू बाळंतपणाला यायचंस असं आईनं सांगितलंय. मुलगा होणार असं आजी म्हणते. केसरला बहीण हवी आहे, शर्यतीत हरवायला.

तुझी
राही

वरची वाडी
ता. ६ ऑक्टोबर १९५८

कृष्णे,

तुझी वहिनी गेली.

आषाढात तू लिहिलंस की तिला श्रीवर्धनला दाखव. लावणी होऊ दे म्हटलं. मग नदीला पाणी आलं, मोटार बंद झाली. मग तीच म्हणाली गणपती होऊ देत. पितृपंधरवड्यात एका सकाळी कळा सुरू झाल्या. सुईण होती. पोर लवकर आली, सुखरूप आली, रडली. वहिनीनं तिला पाहिलं. मुलगी आहे म्हटल्यावर हसली आणि केसरला बोलवा म्हणाली. मग रक्त थांबेना.

डोलीत घालून आम्ही तिला बोर्लीला खाली आणलं. पाऊस धरून होता. लाकडाचा ट्रक मिळाला. राही तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी धावपळ केली, त्यांना बोल नाही. नंतर मला बाहेर घेऊन सांगितलं की दुसरी बाई एवढं रक्त जाऊन दगावली नसती. हिच्या अंगात घालवण्याइतकं मुळात नव्हतंच. कधीपासून नव्हतं, असं विचारत होते. मी काय सांगणार? मी तिला लग्नाच्या मांडवात पाहिली तेव्हाही सगळे म्हणाले होते, रामचंद्राला गोरी बायको मिळाली.

राही बोलत नाही. जमेल तसं ये.

दादा

पाली
ता. २ नोव्हेंबर १९५८

चि. राहीस आत्येचे पुष्कळ आशीर्वाद.

दिवसकार्य उरकून परत आले, पण मन तिथंच आहे. शाळेत हजेरी घेताना दोन मुलींची नावं विसरले.

एस.टी. सुटताना तू खिडकीशी येऊन बोललीस, त्याचं उत्तर द्यायला गाडीनं वेळ दिला नाही. तू म्हणालीस की सखूमावशीनं भांडी घासताना सांगितलं, आईला सुकटीच्या वासाचं काही होत नव्हतं, ती तुझ्यासाठी तसं म्हणायची. आणि तू म्हणालीस, आईचं मी खाल्लं.

राही, नीट वाच. तू खाल्लंस म्हणून आई गेली नाही. तुझी आई तुझ्या वयाची होती तेव्हापासून अर्धपोटी होती. तिच्या माहेरी सगळ्यांना वाढून उरेल ते तिचं, आपल्याकडे आल्यावरही तेच. तेव्हा तिची पापणी ओढून बघणारं कुणी नव्हतं. तिच्या अंगात जे नव्हतं ते एका उन्हाळ्यातल्या अंड्यांनी भरून आलं नसतं. तिनं तुला दिलं, कारण तुझ्या ओठांवर रंग चढताना तिला दिसत होता. शेवटच्या महिन्यांत तिला तेवढंच सुख होतं. ते तिच्याकडून काढून घेऊ नकोस.

तू ताटावरून उठून जातेस असं दादानं लिहिलं. असं करू नकोस. माझी बदली बोर्लीच्या शाळेत व्हावी म्हणून अर्ज केला आहे. झाली तर तुला पुन्हा शाळेत बसवीन, मग रडू की आपण दोघी मिळून.

बाळाच्या गालाला माझा हात लाव.

तुझी
आत्या

वरची वाडी
ता. २५ जानेवारी १९५९

ती. आत्येस राहीचा शि. सा. न.

तुझी बदली झाल्याचं पत्र मिळालं. बाबांनी ते दोन्ही हातांत धरून स्वतःच वाचलं, डोळ्यांजवळ नेऊन. जूनमध्ये येशील म्हणून बाबा पडवीला एक खोली काढतायत. कुडाच्या भिंती मी आणि केसर सारवतो.

बाळ चांगलं आहे. सखूमावशीचं मूल अंगावर पितं, तिथं आमचीही पिते. आता बकरीचं दूधही घेते. आजीनं बाबांना दुसऱ्या लग्नाचं विचारलं. बाबा उठून गुरांना पाणी दाखवायला गेले. मग आजीनंही तो विषय पुन्हा काढला नाही. हल्ली ती केसरला जवळ बसवून मासळीतले काटे काढून देते.

मी जेवते. पहिले दिवस घास घशाखाली जायचा नाही. तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं तरी जायचा नाही. मग सखूमावशी म्हणाली की बाळ तुझ्या कडेवर असतं, तू पडलीस तर ते पडेल. तेव्हापासून जेवते. चव लागते तेव्हा वाईट वाटतं. हे बाबांना सांगता येत नाही म्हणून तुला लिहिते.

काल दुपारी मी धान्य पाखडत होते आणि बाळ सुपाच्या आवाजाकडे बघत होतं. एकदम मोठ्यानं हसलं. पहिल्यांदाच. असं नुसतं ओठ हलवून नाही, आवाज काढून, पोट हलवून हसलं. मी सूप टाकलं आणि ओरडले, आई, लवकर ये, बघ ही हसली.

आजी दारात होती. तिनं ऐकलं. आत आली, माझ्याजवळ बसली आणि बाळ पुन्हा हसेपर्यंत तिथंच बसून राहिली.

तू लवकर ये, एवढंच मागणं.

तुझी
राही